प्राचार्यांना खुले पत्र: आधी तक्रारीवर शिक्का मारा

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य, वसतिगृहांचे रेक्टर आणि रॅगिंगविरोधी समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी एका जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूची वकिली करते. तुमच्या केबिनमध्ये अधूनमधून येऊन गेलेय. पालकांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली, काळा कोट मुद्दाम घरी ठेवून आलेली बाई कदाचित आठवत असेल. कोट दिसला की तुम्ही बोलणं थांबवता आणि संस्थेच्या वकिलांना फोन लावता, म्हणून तो घरी ठेवते. कोट नसला की नेहमीची टेप ऐकायला मिळते. 'मुलंच आहेत, चालायचंच.' 'आमच्या वेळी तर याहून वाईट व्हायचं, आम्ही काय मेलो?' 'चार पोरांचं करिअर बरबाद होईल, तुम्हाला बघवेल का?' आणि शेवटी, चहा आल्यावर, 'आपण आपसात मिटवून घेऊ.'

हे पत्र त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. रॅगिंगची तक्रार मिटवण्याचा अधिकार कुठल्याही कायद्यानं तुम्हाला दिलेला नाही. मिटवायचंच असेल तर ज्याच्यावर बेतलं तो ठरवेल, आणि गुन्हा दाखल झालेला असेल तर तेही कोर्टासमोर, कोर्टाच्या परवानगीनं किंवा कायद्यात बसेल तेवढंच. तुमच्याकडे दिलंय ते चौकशी करून कागद पुढे पाठवण्याचं काम, तेही मुदतीत.

दोन-तीन वर्षांपूर्वीचं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मुलगा, वसतिगृहात राहणारा. आई अंगणवाडी सेविका. मुलानं आठ दिवस फोनवर 'ठीक आहे' एवढंच सांगितलं आणि नवव्या दिवशी पहाटेच्या एसटीनं घरी आला, बॅग न घेता. आईनं आखीव कागदावर दोन पानी तक्रार लिहिली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली. क्लार्कनं कागद वाचला आणि म्हणाला, 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो.' ती म्हणाली, 'पोच द्या.' तो म्हणाला, 'अशा कागदांना पोच नसते.'

ती बाई रोज रजिस्टरं भरते. वजनाचं, आहाराचं, लसीकरणाचं. आवक क्रमांक नसलेला कागद आलाच नाही असं धरलं जातं, हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, 'मग मी बसते.' आणि टेबलासमोरच्या बाकावर बसली. साडेअकरा ते चार. मधे कुणी तरी तिला पाणी दिलं. शिक्का क्लार्कच्या उजव्या हाताच्या खणात होता, तो दिवसभरात चाळीस वेळा बाहेर आला, बोनाफाइडवर पडला, लिव्हिंग सर्टिफिकेटवर पडला. चार वाजता शेवटी तिच्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर पडला. तारीख, आवक क्रमांक, लफ्फेदार सही.

त्या शिक्क्याला एवढं महत्त्व का, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, म्हणूनच तो खणात राहतो. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. जेमतेम आठ कलमांचा कायदा आहे. एका चहात वाचून होईल. त्यातलं सहावं कलम म्हणतं की विद्यार्थी, आई-वडील, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केली, की ती मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत प्रमुखानं चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच हद्दीतल्या पोलिस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नाही असं वाटलं तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. 'लेखी' हा शब्द पालकांनी लक्षात ठेवावा. 'आम्ही बघितलं, तसं काही नाही' असं जिन्यात सांगून भागत नाही.

सातवं कलम मी तुमच्या केबिनमध्ये नेहमी हळू आवाजात वाचते, कारण ते वाचल्यावर हवा बदलते. प्रमुखानं अशी कारवाई केली नाही किंवा हयगय केली, तर त्यानं रॅगिंगला चिथावणी दिली असं मानलं जातं, आणि दोष सिद्ध झाला तर रॅगिंग करणाऱ्याला जी शिक्षा, तीच त्याला. म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. सात दिवस मोजायचे ते तक्रार मिळाल्यापासून, आणि तक्रार कधी मिळाली हे सांगणारा तो शिक्का.

पालकांसाठी एक गोष्ट मधेच सांगून टाकते, कारण हे पत्र तेही वाचतील. शिक्का मिळाला नाही तर वाद घालत बसू नका. तीच तक्रार स्पीड पोस्टानं पाठवा, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, विद्यापीठालाही एक प्रत द्या. पोस्टाची पावती आणि पोच मिळाल्याचा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पावसाळ्यात पोलिस ठाण्याच्या फेऱ्या मारताना कागद विरघळलेले मी पाहिलेत.

आता दाराच्या कडीबद्दल.

त्या मुलाच्या तक्रारीत शिव्या होत्या, 'थर्ड बटन' होतं (मान खाली घालून सीनिअरसमोर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं), इंट्रोच्या नावाखाली विचारलेले घाणेरडे प्रश्न होते, दोन थपडा होत्या. पोलिस ठाण्यात हवालदारांनी सगळं ऐकलं आणि एनसी लिहून दिली, म्हणजे अदखलपात्र. 'मॅडम, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय आम्हाला तपास करता येत नाही.' हवालदार खोटं बोलत नव्हते. रॅगिंगच्या कायद्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची, आणि ज्या विशेष कायद्यात तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असते आणि दुसरं काही लिहिलेलं नसतं, तो गुन्हा सर्वसाधारण नियमानं अदखलपात्र धरला जातो. साधी दुखापतही तशीच. आपल्या विधिमंडळानं कायदा केला खरा, पण एफआयआरपर्यंत पोचायचा रस्ता त्यात नीट बांधला नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. पंचवीस वर्षं झाली, एका ओळीची दुरुस्ती पुरली असती.

मी मुलाला विचारलं, 'तू निघून का नाही आलास?' तो चिडला. म्हणाला, 'कसा येणार? कडी आतून लावली होती, आणि एक जण दाराला पाठ लावून उभा होता.' किती वेळ? 'अकरा ते पावणेचार.' हे तक्रारीत कुठेच नव्हतं. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. अपमान मोठा होता, कडी किरकोळ. कायद्यात उलटं आहे. एखाद्याला खोलीतून बाहेर पडू न देणं म्हणजे गैररीत्या कोंडून ठेवणं, भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. शिक्षा एकच वर्षाची, पण गुन्हा दखलपात्र. आणि एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरून तपास करावा लागतो. पुरवणी जबाबात कडी आली आणि एनसीचा एफआयआर झाला.

म्हणून मुलाचं म्हणणं लिहून घेताना, मग ते तुमच्या समितीत असो की घरी, घडलं ते क्रमानं लिहा. किती वाजता, कुठल्या खोलीत, कोण कुठे उभं होतं, दिवा चालू होता की बंद, मोबाइल कुणी काढून घेतला, पैसे मागितले का, व्हिडिओ केला का. धमकी दिली तर तिचे नेमके शब्द, शिवीसकट. आपल्याकडे शिवी लिहायची वेळ आली की लोक 'अर्वाच्य भाषेत' असं लिहून मोकळे होतात. कोर्टात त्या दोन शब्दांना काही किंमत नाही. शिवीत जात असेल तर अजिबातच नाही, कारण मग कायदाच बदलतो.

त्याबद्दलही सांगते. पीडित मुलगा किंवा मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि जातीवरून चारचौघांत हिणवलं गेलं असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तपास पोलिस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, अटकपूर्व जामिनाचा रस्ता अरुंद होतो, पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क मिळतो, आणि अर्थसाहाय्याचे हप्ते बऱ्याच गुन्ह्यांत एफआयआरच्या टप्प्यापासूनच सुरू होतात. ते मागावे लागतात, आपोआप घरी येत नाहीत. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा करावा लागतो. मुंबईत नायर रुग्णालयाच्या कॉलेजात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेल्या, तेव्हा दाखल झालेल्या गुन्ह्यात आत्महत्येस प्रवृत्त करणं, अत्याचार प्रतिबंध आणि रॅगिंग प्रतिबंध हे तिन्ही होतं. खटल्यातल्या आरोपांवर मी इथे काही म्हणत नाही, ते कोर्टाचं काम. पण त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. मूल गेल्यावरही आईचा हक्क संपत नाही. फौजदारी कायद्यातल्या 'पीडित' या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारसही येतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही विसरता, ती म्हणजे वय. अकरावी-बारावीची मुलं तुमच्या वसतिगृहात असतात, पहिल्या वर्षातलीही बरीच मुलं अठराची झालेली नसतात. कपडे उतरवायला लावणं, लैंगिक हावभाव करायला लावणं, त्याचं चित्रीकरण, हे अठराच्या आतल्या मुलासोबत घडलं तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं प्रकरण होतं. मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. पोक्सोत कळवणं बंधनकारक आहे. कळूनही संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबाबतचा गुन्हा दडपला तर त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, आणि इतर कुणी माहिती दडवली तरी शिक्षा आहेच. तिथे 'आधी अंतर्गत चौकशी करू' हे उत्तर चालत नाही. सज्ञान मुलीच्या बाबतीत पोलिसांखेरीज लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही आहे, आणि एकीकडे गेलं म्हणून दुसरीकडचं दार बंद होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची २००९ ची नियमावली तुमच्या फलकावर लावलेली असते, काचेच्या आत, कुलपात. ती कशी आली ते आठवा. हिमाचल प्रदेशात टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणारा अमन काचरू ८ मार्च २००९ रोजी सीनिअरच्या मारहाणीनंतर गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये यूजीसीनं ही नियमावली काढली. त्याच्या वडिलांनी, राजेंद्र काचरू यांनी, पुढची कित्येक वर्षं या कामाला वाहून घेतलं. फलकावरच्या त्या कागदामागे एक मुलगा आहे, एवढं तरी काच पुसताना शिपायाला सांगा.

त्या नियमावलीप्रमाणे तुमच्याकडे रॅगिंगविरोधी समिती हवी आणि रॅगिंगविरोधी पथक हवं. समितीत पोलिस, प्रशासन, स्थानिक पत्रकार, स्वयंसेवी संस्था, पालक, नवे आणि जुने विद्यार्थी अशा सगळ्यांचे प्रतिनिधी हवेत. पथकानं वसतिगृहांवर अचानक जायचं. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर करायचा, तो प्रमुखानं स्वतः किंवा समितीतल्या कुणाला अधिकार देऊन. पोलिसांची वाट न बघता कॉलेजची चौकशी आणि उपाय सात दिवसांत पुरे करायचे. वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती थांबवणं, परीक्षेला बसू न देणं, वसतिगृहातून काढणं, प्रवेश रद्द करणं, एक ते चार सत्रांसाठी काढून टाकणं, असा शिक्षांचा जिना आहे. कुणी केलं ते सापडलंच नाही तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. तिच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि ज्याच्यामुळे अख्ख्या मजल्याला शिक्षा झाली तो तक्रारदार मुलगा त्या मजल्यावर नंतर राहूच शकत नाही. वापरायचीच असेल तर आधी त्याची खोली बदला.

'हे कॅम्पसबाहेर घडलंय' हे वाक्य आता सोडा. राज्याचा कायदाच म्हणतो, शैक्षणिक संस्थेच्या आत किंवा बाहेर. संस्थेच्या व्याख्येत जोडलेलं वसतिगृह येतं, शिकवणी वर्गसुद्धा येतो. यूजीसीच्या नियमावलीत बाहेरच्या खोल्या, बस, कँटीन सगळं आहे. सीनिअरनी पहिल्या वर्षाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून रात्री दोनला 'ऑनलाइन या' म्हणून छळलं, तर तेही रॅगिंगच, असं यूजीसीनं २०२५ मध्ये कॉलेजांना बजावलंय. वैद्यकीय कॉलेजांना राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे २०२१ चे नियम आहेत. तिथे छळाला ड्युटीचा मुखवटा असतो. सलग ड्युट्या लावणं, पेशंटसमोर फाइल तोंडावर फेकणं, जेवायला न सोडणं. 'हे तर ट्रेनिंग' असं म्हणणाऱ्या एका विभागप्रमुखांना मी विचारलं होतं, मग हे ट्रेनिंग एकालाच का? उत्तर आलं नाही.

माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवायची आणि तक्रार केली म्हणून त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हेही यूजीसीच्या नियमावलीत आहे. प्रत्यक्षात काय होतं? त्या अंगणवाडीताईच्या मुलाला समितीनं बोलावलं तेव्हा बाहेरच्या बाकावर आधीच आरोप असलेले पाच जण बसले होते. मधे जागा होती, तिथे त्याला बसायला सांगितलं. वीस मिनिटं. आत गेल्यावर त्यानं काय सांगितलं असेल? 'गैरसमजातून तक्रार झाली.' कागद टाइप केलेला तयार होता, फक्त सही बाकी. त्या सहीला मी पुढे आक्षेप घेतला आणि पोलिसांनी बाक, वीस मिनिटं आणि टाइप केलेला कागद या तिन्हीची नोंद केली. असा कागद तुमच्या फाइलमध्ये असेल तर तो तुम्हाला वाचवेल असं समजू नका. तो कुणी टाइप केला हे पहिल्यांदा विचारलं जातं.

पालकहो, अशा कागदावर सही झाली असेल तरी सगळं संपलेलं नसतं. सही कुठल्या परिस्थितीत झाली ते लगेच लेखी कळवा, तारखेसह. आणि काही कामं पहिल्या दोन दिवसांतच होतात, नंतर होत नाहीत. अंगावर मार असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि काय घडलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, होते. बाथरूममध्ये पडलो असं लाजून सांगितलं तर तेच कागदावर राहतं आणि वर्षभरानं बचाव पक्षाचा वकील ते मोठ्यानं वाचतो. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका, मोबाइल बदलू नका. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की काम सोपं जातं. वसतिगृहातलं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच तक्रारीत तारीख-वेळ देऊन करा. प्राचार्य महोदय, अशी लेखी मागणी हातात असताना चित्रण पुसलं गेलं, तर 'सिस्टिम तशीच आहे' हे उत्तर तुमच्याविरुद्ध जाईल.

यूजीसीची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते. तिथून तक्रार कॉलेजकडे आणि विद्यापीठाकडे जाते आणि क्रमांक मिळतो. एरवी खणात राहणारा शिक्का असा बाहेरून पडतो. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर ललिता कुमारी खटल्यातला २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहेच, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायचा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. मुलगा गावी परत आला असेल तर गावच्या ठाण्यातून शून्य क्रमांकानं नोंदवून पुढे पाठवता येतो, त्याला पुन्हा त्या शहरात जाऊन सीनिअरच्या ओळखीच्या हवालदारासमोर बसायची गरज नाही. प्रत फुकट मिळते. नकार आला तर पोलिस अधीक्षक, तिथेही नाही तर दंडाधिकारी. तपासाचं काय झालं हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. 'पुरावा नाही' म्हणून त्यांनी फाइल बंद करायचा अहवाल दिला तर कोर्टानं तक्रारदाराला ऐकायला हवं, तुम्ही लेखी विरोध करू शकता. आरोपी सुटले तर पीडिताला स्वतःच्या हक्कानं अपील करता येतं.

पैशाचं विचारायला लोक कचरतात. विचारा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं तिथे जा. नुकसानभरपाई फौजदारी कोर्ट देऊ शकतं, पीडित भरपाई योजनेतून विधी सेवा प्राधिकरण देऊ शकतं, आरोपी सापडला नसला तरी. संस्थेच्या हलगर्जीपणासाठी दिवाणी दावा लावता येतो आणि सरकारी संस्था असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. दिवाणी दाव्याला वेळ लागतो, खोटं सांगणार नाही. कॉलेज सोडायचं ठरवलं तर मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीनं २०१८ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय.

आणि ज्यांचं मूल परत आलंच नाही त्यांच्याबद्दल. तुमच्याकडून पहिला फोन जातो तो 'तब्येत बिघडलीय, या' असा. ते प्रवासात असतानाच खोली साफ केली जाते. कृपा करून असं करू नका. खोलीला कुलूप लावा, किल्ली पोलिसांकडे द्या, वह्या, मोबाइल, चिठ्ठ्या यांना हात लावू नका. आवारात विद्यार्थ्यानं आत्महत्या केली तर तातडीनं एफआयआर करणं ही संस्थेची जबाबदारी आहे असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये अमित कुमार खटल्यात सांगितलं आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. आत्महत्येस प्रवृत्त करण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो आरोप सिद्ध करायला चिथावणी आणि मृत्यू यांच्यातला धागा दाखवावा लागतो. आधीच्या तक्रारी हाच तो धागा असतो. पोच न मिळालेली प्रत्येक तक्रार म्हणजे त्यातून तोडलेला एक पदर.

मी आरोपींचीही वकिली केलीय, त्यामुळे त्यांची बाजू न मांडता हे पत्र पुरं होणार नाही. कारवाई करताना त्या मुलांना आरोप लेखी द्या, उत्तराला वेळ द्या, त्यांचं म्हणणं नोंदवा. घाईघाईत, वर्तमानपत्रात बातमी आली म्हणून एका ओळीच्या आदेशानं काढून टाकलेली मुलं उच्च न्यायालयातून परत येतात आणि मग तक्रारदाराला त्याच वर्गात त्यांच्यासमोर बसावं लागतं. दोष सिद्ध झाला तर राज्याच्या कायद्यानं संस्थेतून बडतर्फी आणि पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश नाही, एवढी ती शिक्षा जड आहे. वीस वर्षांच्या पोरासाठी पाच वर्षं म्हणजे काय, ते मला कळतं. प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्रावर सही घेता ना तुम्ही, मुलाची आणि पालकाची? सही घेताना ते पाच वर्षांचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा. बहुतेकांनी वाचलेलं नसतं.

त्या मुलाचं काय झालं असं कुणी विचारेल. त्यानं दुसऱ्या जिल्ह्यात प्रवेश घेतला, एक वर्ष गेलं. खटला चालू आहे. आई तारखेला येते, अंगणवाडी दुपारची उरकून. मागच्या तारखेला तिनं मला तो तक्रारीचा कागद दाखवला; प्लास्टिकमध्ये घातलेला, घडीवर फाटलेला, शिक्का मात्र अजून जांभळा.

कुलूपबंद काचेमागची नियमावली, समितीतल्या पोलिस आणि पालक प्रतिनिधींची खरी नावं, मागच्या वर्षी समितीच्या बैठका किती झाल्या, या सगळ्याबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय, पण ते पुन्हा कधी. सध्या एकच मागते. उद्या सकाळी आवक-जावक बघणाऱ्या क्लार्कला केबिनमध्ये बोलवा आणि लेखी आदेश द्या: रॅगिंगच्या तक्रारीला तिथल्या तिथे आवक क्रमांक, तारीख आणि पोच द्यायची, मला विचारायला यायचं नाही.

या पत्राची एक प्रत टपालानंही येईल. तिच्यावर आवक क्रमांक टाकून पोच द्यावी, ही विनंती.

आपली,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक बाई